उसना तुरुंग

लेस्टर,
१७ जानेवारी १९८२

प्रिय प्रभा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र लगेच उघडणार नाहीस. टेबलावर ठेवशील, कॉलेजला जाऊन येशील, चहा करशील आणि मग उघडशील. चार वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंही तुझ्या मनात येईल. कुणी गेलेलं नाही. पद्माकर बरा आहे, रेखा बारा वर्षांची झाली, माझी पाठ दुखते.

काम आहे म्हणून लिहितेय. आधीच सांगितलेलं बरं.

पद्माकरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये क्रिस्टिना नावाची एक सिस्टर आहे. पोलिश. उंच, चाळिशीची, केस इतके फिकट की पांढरे कुठले ते कळू नयेत. पद्माकर घरी आला की बूट काढेपर्यंत तिचं नाव दोनदा येतं. गेल्या महिन्यात तिच्या देशात लष्करानं सगळं ताब्यात घेतलं. पहाटे फोन बंद, रस्त्यावर रणगाडे, युनियनची माणसं आत. तुला नव्यानं सांगायला नको. आता तिकडे फोन लागतो म्हणे, पण लागला की आधी एक आवाज सांगतो, तुमचं बोलणं ऐकलं जात आहे. तिचा भाऊ मारेक व्रोत्सवाफ नावाच्या शहरात छापखान्यात होता. तो लपून एक बातमीपत्र काढतो.

इथली पोलिश मंडळी चर्चमागच्या हॉलमध्ये जमतात आणि दूध पावडर, साबण, औषधं खोक्यांत भरून पाठवतात. औषधांची छाननी पद्माकर करतो. आठवड्यातून तीनदा. घरी यायला उशीर होतो, जेवण गार होतं, आणि हा काही न बोलता हसऱ्या तोंडानं जेवतो. म्हणून एक दिवस मी त्याच्या मागून गेले. हो, पाळत ठेवायलाच. दार उघडलं तर माझा नवरा, कन्सल्टंट अॅनेस्थेटिस्ट, जमिनीवर मांडी घालून डबे रचत होता आणि कशावर तरी मोठ्यानं हसत होता. आजूबाजूला म्हाताऱ्या बायका, दोन पोर्टर, एक पाद्री. क्रिस्टिना पार दुसऱ्या टोकाला पार्सलला सुतळी बांधत होती. भानगड असती तर काय करायचं ते मला माहीत होतं. याचं काय करायचं ते कळेना. त्याला काहीतरी सापडलं होतं आणि त्यानं मला बोलावलं नव्हतं.

आता मीही जाते.

तर काम असं. मारेककडे शाई संपली आहे. दुकानातून शाई घेणाऱ्याचं नाव पोलिसांना कळवावं लागतं. आणीबाणीत तुम्ही काय केलं होतं? तुमचं सायक्लोस्टाइल मशीन जप्त झाल्यावरही पत्रक निघत होतं म्हणे, ते कसं? इथल्यांना वाटतं की मला हे माहीत असेल. का वाटतं ते सोड.

अठ्ठ्याहत्तर साली मी पुण्यात जे बोलले, त्याबद्दल हे पत्र नाही. तुरुंगात जायला मागे नवरा-मूल नसावं लागतं, असं मी म्हणाले होते. ते मी परत घेत नाही.

तुझी,
ताई


लेस्टर,
५ एप्रिल १९८२

प्रिय प्रभा,

तुझं पत्र मिळालं. मी थोडंसं विचारलं आणि तू पुस्तक पाठवलंस. तू अशीच. शाळेतसुद्धा निबंधाला जादा पुरवण्या घ्यायचीस.

पण उपयोग झाला. काजळी आणि एरंडेल तेल, हे ऐकून क्रिस्टिनानं मला दोनदा सांगायला लावलं. तिकडे एरंडेल मिळत नाही, पण काळं काहीतरी आणि चिकट काहीतरी हवं एवढं कळल्यावर मारेकनं धुण्याच्या साबणाच्या लगद्यात जमवलं. पाटीची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड आणि वरून रबरी पट्टीनं ओढलेली शाई, याचं मी हॉलमध्ये प्रात्यक्षिक करून दाखवलं. चौकट रेखाच्या खेळातली. कापड माझ्या ओढणीचं. पहिल्याच कागदावर अक्षर स्वच्छ उमटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निरोप नेणाऱ्या बाईनं सगळं पाठ केलं, कारण लिहून न्यायचं नाही असं तूच लिहिलं होतंस.

बाकीचंही सांगितलं. कागद एकानं घ्यायचा नाही, पुष्कळ बायकांनी पुष्कळ दुकानांतून मुलांच्या वह्यांच्या निमित्तानं थोडाथोडा घ्यायचा. कुणालाही दोनपेक्षा जास्त नावं माहीत असू नयेत. ऐकीव बातमी कितीही गोड असली तरी छापायची नाही, कारण एक खोटी निघाली की बाकीच्या खऱ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. वाचलेला अंक जाळायचा नाही, पुढे द्यायचा. हे ऐकताना त्या म्हाताऱ्या बायका मान डोलावत होत्या. त्यांच्यातल्या काही जणी दुसऱ्या महायुद्धात हेच करत होत्या, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथलंही सांगते. हॉस्पिटलमधल्या पोर्टर आणि सफाईवाल्यांच्या युनियननं ठराव केला आणि दर शनिवारी एक व्हॅन मिळू लागली. कँटीनच्या बायका डबे धुऊन ठेवतात. रेखाच्या शाळेनं साबण गोळा केला. यातल्या कुणालाही पोलंड नकाशावर दाखवता येणार नाही. पण लष्करानं युनियन बंद केली, एवढं त्यांना पुरलं.

मी हॉलमध्ये शिरले की आता लोक खुर्ची देतात. इतकी वर्षं मी या गावात डॉक्टरांची बायको होते. दुकानात, शाळेत, महाराष्ट्र मंडळातसुद्धा. इथे मला अनुराधा म्हणतात. नीट उच्चारता येत नाही, पण म्हणतात.

आता एक-दोन गोष्टी सहज. आत नेल्यावर पहिल्यांदा काय विचारतात? खिडकी किती उंच होती, त्यातून काय दिसायचं? जेवणाला वास कसला? सकाळी कसे उठवायचे? तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारतेय. थोरल्या बहिणीनं विचारलं तर बिघडलं कुठे?

सविस्तर लिही. तुला आवडतंच.

तुझी,
ताई


लेस्टर,
९ ऑक्टोबर १९८२

प्रभा,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "ताई, माझी गोष्ट तुला कशाला हवी होती?"

म्हणजे पद्माकरनं तुला कळवलं. मला न विचारता कळवलं. त्याचं माझं त्यावरून बोलणं झालं आहे आणि सध्या बोलणं नाही.

कसं झालं ते ऐक. तुझी मेव्हण्याला भारी ओढ, त्यामुळे त्यानं थिएटरमध्ये क्रिस्टिनाला तुझ्याबद्दल सांगितलं होतं. बायकोची बहीण आणीबाणीत तुरुंगात होती, वगैरे. तोंडावर मास्क, त्याचं पुणेरी इंग्लिश, तिचं पोलिश इंग्लिश, आणि "सिस्टर" म्हणजे त्या खोलीत नर्सच. "सिस्टर" म्हणून त्यानं तिलाच हाक मारली असं तिला वाटलं, आणि तुरुंगात गेली ती त्याची बायको ठरली. मी पहिल्यांदा हॉलमध्ये गेले तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तू तुरुंगात होतीस. पद्माकरनं सांगितलं मला."

मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात ती माझ्यासाठी खुर्ची आणायला गेली.

एवढंच. खुर्ची आली, मी बसले. मग कुणी काही विचारलं, मी अर्धंमुर्धं सांगितलं. मग शाईचं निघालं आणि मी तुला लिहिलं. तू लिहिलेलं त्यांना सांगताना "माझी बहीण म्हणते" असं सुरुवातीला जिभेवर यायचं, नंतर येईनासं झालं.

गेल्या महिन्यात पाद्रीबुवांनी मला सगळ्यांसमोर बोलायला लावलं. पद्माकर त्या दिवशी ऐकायला आला होता. मी तुझ्या पत्रातली येरवड्याची खिडकी सांगितली. तिच्यातून दिसणारी लिंबाची फांदी सांगितली. पातळ वरणाचा वास सांगितला. पुढच्या रांगेतल्या एक-दोघी रडल्या. गाडीत, बेलग्रेव्ह रोड ओलांडल्यावर पद्माकर म्हणाला, "खिडकी छान सांगितलीस."

"मग?"

"मला क्षणभर वाटलं, माझंच काही चुकतंय. पण शहात्तर साली तू इथेच होतीस, अनुराधा. आपण सेंट्रल हीटिंग बसवून घेत होतो."

तुला हसू येईल. मलाही आलं असतं.

कशाला हवी होती, विचारतेस. लहानपणी आपण दोघी एकदमच पडलो तर तू धीट ठरायचीस आणि मी वेंधळी. अठ्ठ्याहत्तर साली मी पाच वर्षांनी माहेरी आले होते. सूटकेसमध्ये सगळ्यांसाठी स्वेटर होते. ती सूटकेस तीन दिवस कुणी उघडायला सांगितली नाही. सकाळपासून माणसं यायची, तू बाहेर बसायचीस आणि मी आत चहा करायची. एक बाई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही प्रभाताईंच्या बहीण? केवढं भाग्य तुमचं." माझ्या हातात गाळणं होतं. आई दारातून कौतुकानं बघत होती. माझ्याकडे नव्हे, बाहेर तुझ्याकडे.

मला तुरुंग नको होता, प्रभा. त्यानंतरचं हवं होतं.

रेखानं परवा विचारलं, "आई, जेलमध्ये तू गेला होता की मावशी गेला होता?" मी म्हटलं, "आधी मराठी नीट बोल." तिनं पुन्हा विचारलं नाही.

मी हॉलमध्ये खरं सांगणार नाही. आता सांगितलं तर त्यांचा शाईवरचा, निरोपांवरचा, सगळ्यावरचाच विश्वास उडेल. हे कारण तू मानणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मलाही ते फारसं पटत नाही. पण सांगणार नाही.

अनुराधा


लेस्टर,
२० मार्च १९८३

प्रिय प्रभा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितेय, कारण हे ऐकायला मला दुसरं कुणी नाही. का नाही, ते शेवटी कळेल.

जानेवारीत मारेकचा निरोप आला. लष्करी कायदा कागदावर स्थगित झाला आहे, पण माणसं आतच आहेत. बातमीपत्र आता तीन शहरांत जातं. चौकटीवर ते रेशीम ताणतात आणि ते लगेच फाटतं. त्यांना छपाईचं खरं जाळीचं कापड हवं होतं. लेस्टरमध्ये ते सहज मिळतं, इथे निम्मं गाव कापडावर जगतं. पण आधी एकानं ते ताग्यानं नेलं होतं. सरहद्दीवर त्यांनी तागा उलगडला, जप्त केला आणि लॉरी परत पाठवली.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा नमुन्याचं कापड माझ्या हातात होतं. फिकट पिवळं, ऑर्गंडीसारखं, जरा करकरीत. मी उभी राहिले आणि स्कर्टवरूनच ते कमरेला गुंडाळून पाहिलं. निऱ्या घातल्या, पदर घेतला. क्रिस्टिनानं हातातली सुतळी खाली ठेवली.

हे तू सांगितलं नव्हतंस. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

बेलग्रेव्ह रोडवर एक साडीचं दुकान आहे. तिथल्या सुलक्षणाबेनकडून मी जरीचा काठ घेतला आणि तिलाच मशीनवर लावून द्यायला सांगितलं. सहा वार कापड, दोन्ही बाजूंना काठ. तिनं ते उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "हे चाळणीचं कापड वाटतं." मी म्हटलं, नवीन फॅशन आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा काही विचारलं नाही आणि काठ इतका सुंदर लावला की मलाच ती साडी वाटू लागली. तशीच दुसरी आतून नेसायला केली. दोन साड्या, वर कोट. आरशात मी एखाद्या गादीसारखी दिसत होते.

क्रिस्टिनाला व्हिसा नाकारला होता. मला मिळाला. औषधं घेऊन जाणारी भारतीय डॉक्टरची बायको, तिच्याकडे संशयानं बघण्यासारखं काही नव्हतं. बरोबर केन होता, हॉस्पिटलच्या युनियनचा रिटायर्ड ड्रायव्हर. त्याला साडीचं माहीत नव्हतं. तुझाच नियम.

पद्माकर निघताना म्हणाला, "नको जाऊस." मी म्हटलं, "तुझी मेव्हणी असती तर अडवलं असतंस?" ते मी बोलायला नको होतं, पण त्या वाक्याच्या जोरावरच मी लॉरीत चढले.

पूर्व जर्मनी संपून पोलंड सुरू होतं तिथे आम्हाला उतरवलं. केन एका खोलीत, मी दुसऱ्या. छोटी खोली, एक हीटर, एक टेबल. एक अधिकारी बाई आली. माझ्याएवढीच वयानं. गळ्यात चष्मा अडकवलेला. इंग्लिश मोजकं पण स्वच्छ.

"कोट काढा."

काढला.

"हे काय?"

"साडी. आमच्याकडे नेसतात."

"थंडीत?"

"सवय आहे."

ती जवळ आली. पदर दोन बोटांत धरून चोळला. "इतकी कडक?"

"नवी आहे. धुतली की मऊ होते."

तिनं चष्मा लावला. पदर उचलून दिव्यासमोर धरला आणि त्यातून बघत राहिली. प्रभा, तू लिहिलेलं सगळं मला पाठ होतं. चौकशी करणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं. उत्तर छोटं द्यायचं. गप्प राहायची वेळ आली तर मनात पाढे म्हणायचे. यातलं काहीही झालं नाही. माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते आणि ते साडीतून दिसत असणार. मला रेखाचा चेहरा आठवेना. मला कुठल्याही भाषेतला एकही शब्द आठवेना. वाटलं, आता हिनं एक प्रश्न विचारला की मी मारेकचं नाव, त्याच्या गल्लीचं नाव, सगळं सांगून टाकणार. मी ते सांगणारी बाई आहे हे मला तिथे स्वच्छ दिसलं.

तिनं प्रश्न विचारला नाही. बराच वेळ ती त्या जाळीतून दिवा बघत होती. मग तिनं पदर माझ्या खांद्यावर परत ठेवला, घड्या सारख्या केल्या आणि कोट माझ्या हातात दिला.

"बटणं लावा," ती म्हणाली. "पुढे वारा आहे. कुणाला दिसेल असं राहू नका, आजारी पडाल."

तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. ती बाहेर गेल्यावर मी कोपऱ्यातल्या बादलीत ओकले.

व्रोत्सवाफमध्ये एका डेंटिस्टच्या घरी, स्वयंपाकघरात, तीन अनोळखी बायकांनी माझ्या साड्या सोडवल्या. मी परकर-ब्लाऊजवर उभी होते. एका म्हातारीनं स्वतःचा घरगुती गाऊन काढून मला घातला आणि ग्लासातून चहा दिला. मारेक आला. केस गेलेला, थकलेला माणूस. त्यानं जाळी पाव इंचावर डोळे नेऊन पाहिली आणि काठ हातात घेऊन विचारलं, हा का लावला? मी म्हटलं, काठाशिवाय साडी नसते. त्यानं तो काठ उसवला नाही. म्हणाला, राहू दे.

परत आले तर हॉल भरलेला. क्रिस्टिनानं मिठी मारली. "मला काळजीच नव्हती," ती म्हणाली. "येरवडा पाहिलेल्या बाईला सरहद्दीचं काय?" पाद्रीबुवाही तेच म्हणाले. सगळे तेच म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं की त्या खोलीत मी काय झाले होते, आणि बंद केलं. येरवडा पाहिलेली बाई बादलीत ओकत नाही.

म्हणजे बघ. जन्मात एक गोष्ट मी केली, आणि तीही तूच केलीस.

ताई


लेस्टर,
२५ जून १९८९

प्रिय प्रभा,

मधल्या वर्षांत आपण पुष्कळ लिहिलं. रेखाची युनिव्हर्सिटी, आईचं आजारपण, तिचं जाणं, तुझे गुडघे. या विषयावर नाही. त्र्याऐंशीच्या माझ्या पत्राला तू उत्तर दिलंस, त्यात याबद्दल एकच वाक्य होतं. "मीही पहिल्या दिवशी भीतीनं ओकले होते, ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही." तू ते मला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतंस. मला आता कबूल करायला हरकत नाही, की ते वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. म्हटलं, हेही हिच्याकडे माझ्या आधी होतं.

आता परवाचं ऐक.

पोलंडमध्ये या महिन्यात मतदान झालं. तू पेपरात वाचलंच असशील. बंदी घातलेल्या युनियनची माणसं उभी राहिली आणि निवडून आली. मारेक उभा नव्हता, पण त्याच्या गावातली मतपत्रिका कशी भरायची हे सांगणारी पत्रकं त्यानं छापली, या वेळी उजळ माथ्यानं. परवा इथल्या पोलिश क्लबमध्ये समारंभ होता. पोर्टर आले होते, कँटीनच्या बायका आल्या होत्या, केन काठी टेकत आला होता. सुलक्षणाबेनला मी मुद्दाम बोलावलं होतं. ती सबंध वेळ टेबलक्लॉथची शिलाई बघत होती.

पाद्रीबुवा आता थकलेत. त्यांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "आपल्या देशातला तुरुंग सोसून जिनं आम्हाला शिकवलं, ती आमची मैत्रीण चार शब्द बोलेल."

मी उठले. बोलायचं काय ते ठरलेलं होतं. खिडकी, लिंबाची फांदी, वरण. सात वर्षांत ते इतक्यांदा बोलले होते की झोपेत बोलता आलं असतं. समोर क्रिस्टिना बसली होती, निळ्या ड्रेसमध्ये, चेहरा आधीच ओला. माझ्या मनात आलं, ही आता रडेल, आणि तुझ्यासाठी रडेल. सगळा हॉल तुझ्यासाठी उभा राहील आणि टाळ्या मी घेईन. मी मरेन तेव्हासुद्धा हे लोक तुझ्याच तिरडीवर फुलं वाहतील.

तू म्हणशील, ताईला शेवटी सद्बुद्धी झाली. तसं नाही. मला माझं हवं होतं, आणि तुझं टाकल्याशिवाय ते मिळण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "मी तुरुंगात कधीच नव्हते. माझी धाकटी बहीण होती. शाई तिची, चौकट तिची, तुम्हाला सांगितलेले नियम तिचे. मी तेव्हा इथे लेस्टरमध्ये सेंट्रल हीटिंग बसवून घेत होते. मी एकच केलं. मी ते कापड नेसून गेले. आणि मला फार भीती वाटली होती."

खाली बसले. पद्माकर टेबलावरच्या मीठदाणीकडे बघत होता, पण त्यानं टेबलाखालून माझा हात धरला.

मग मागच्या टेबलावरचा एक म्हातारा उठला, छातीवर मेडलं लावलेला. त्यानं विचारलं, "बहिणीचं नाव काय?"

मी सांगितलं.

त्यानं ग्लास वर केला. "प्राबा," तो म्हणाला. एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग सबंध हॉल उभा. पोर्टर, कँटीनच्या बायका, पाद्रीबुवा, माझा नवरा. सगळ्यांनी तुझं नाव घेतलं, चुकीचं घेतलं आणि प्यायले. तू पुण्यात झोपली होतीस. मला तुझा जितका हेवा परवा वाटला, तितका अठ्ठ्याहत्तर सालीसुद्धा वाटला नव्हता. मी सगळं देऊन टाकलं होतं आणि तरी टाळ्या तुलाच.

उभी राहिली नाही ती फक्त क्रिस्टिना. ती ग्लास न उचलता माझ्याकडे बघत होती. लोक बसल्यावर ती हातात कोट घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, निघाली.

"सात वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"सरहद्दीवर तुला भीती वाटली होती?"

"ओकले मी. बादलीत."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. "तू गेलीस त्या आठवड्यात मी शांत झोपायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, माझ्या भावाचा जीव एका बाईच्या अंगावर आहे, पण ती बाई घाबरणारी नाही. मला माहीत असतं तर मी तुला दारातूनसुद्धा बाहेर पडू दिलं नसतं."

क्षमा मागायला हवी होती, पण मला ती मागावीशी वाटत नव्हती. तिनं मला त्या खोलीबद्दल विचारावं, एवढंच मला हवं होतं.

पद्माकर उठला आणि त्यानं तिला खुर्ची दिली. ती उभीच राहिली. मग कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि बसली. अजून रागातच होती.

"सांग," ती म्हणाली. "कोट काढायला लावला, तिथून."

मी सांगितलं. हीटर सांगितला, गळ्यातला चष्मा सांगितला, एकमेकांवर आपटणारे गुडघे सांगितले. मारेकचं नाव सांगून टाकायला मी एका प्रश्नाएवढीच दूर होते, हेही सांगितलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले, पण थांबवलं नाही. मधेच बँड सुरू झाला. तिनं खुर्ची आणखी जवळ घेतली. मी सांगत राहिले, ती विचारत राहिली, आणि प्रभा, त्या सगळ्या वेळात तिनं एकदाही तुझं नाव काढलं नाही.

तुझी,
ताई